शास्त्रप्रश्नांची बखर

जन्माला न येता मृत्यू कोणाला आला? जन्माला येऊनही मृत्यू कोणाला आला नाही? जगातील एकचतुर्थांश मनुष्यजातीचा संहार एकट्याने कोणी केला? आणि स्वतःला जे कधी मिळाले नव्हते ते दुसऱ्याला कोणी दिले? युरोपातील आठव्या शतकापासूनच्या काही लॅटिन हस्तलिखितांत अशा प्रश्नोत्तरांच्या मालिका आढळतात, आणि ‘जोका मोनाकोरम’, म्हणजे मठवासी संन्याशांची थट्टामस्करी, या नावाने त्या अभ्यासकांना परिचित आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आदाम, कारण तो मातीपासून घडला, कोणाच्या उदरी आला नाही. दुसऱ्याचे हनोख आणि एलीया, कारण त्या दोघांना देवाने सदेह उचलून नेले. तिसऱ्याचे काइन, कारण त्याने हाबेलाचा वध केला तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर माणसे होती अवघी चार. आणि चौथ्याचे हव्वा, जिने आईचे दूध कधी चाखले नाही, पण लेकरांना मात्र ते पाजले.

संत बेनेडिक्टच्या नियमावलीने मठवासीयांना मौनाचा आणि गांभीर्याचा दंडक घालून दिला होता, आणि हशा पिकविणाऱ्या वाचाळपणाचा तर तीत स्पष्ट निषेधच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कोड्यांचे मर्म उलगडू लागते. ज्यांचा सारा दिवस स्तोत्रे म्हणण्यात आणि पोथ्यांच्या नकला करण्यात जाई, त्यांना ग्रंथातील माणसे ही शेजारपाजारच्या माणसांइतकी सलगीची झालेली असत, आणि त्या सलगीतूनच ही बुद्धीची क्रीडा जन्मली असावी. तिला शास्त्रशुद्धतेचे ओझेही वाटत नव्हते. कुत्र्याशी कोण बोलला, या प्रश्नाचे उत्तर ‘पेत्र’ असे येते, आणि ती हकीकत मान्यताप्राप्त बायबलात कोठेच नाही, ती बाहेरच्या एका प्रेषितचरित्रातली. जुन्या इंग्रजीतील ‘शलमोन आणि सॅटर्न’ या गद्य संवादात तर नोहाच्या बायकोचे नाव विचारले आहे, आणि आदाम कशाकशाचा बनला याचा आठ पौंडांचा हिशेबही दिला आहे: माती, अग्नी, वारा, मेघ, देवाची कृपा, फुले, दव आणि मीठ. मूळ ग्रंथ जेथे मौन धरतो तेथे प्रश्न विचारणाऱ्यांनी ते मौन आपल्या पदरच्या तपशिलांनी भरून काढले, आणि त्याबद्दल कोणी त्यांच्याकडे जबाब मागितला नाही. कारण उत्तर चुकले तर जायचे होते ते फार तर चारचौघांतले हसे.

पुढे मात्र असे राहिले नाही. बायबलातील कथा व तपशील यांविषयी प्रश्न करून माणसाची पारख करण्याची ही रीत मठाच्या भिंतींबाहेर पडली, न्यायासनापुढे गेली, शेतकऱ्याच्या ओसरीवर आली, शाळेच्या वर्गात बसली आणि अखेरीस एका नव्या राष्ट्राच्या उत्सवात जाऊन पोहोचली. आणि या प्रवासाच्या प्रत्येक मुक्कामावर उत्तराची किंमत वेगळी ठरली. त्या साऱ्या वाटचालीचे दफ्तर चाळताना एक गोष्ट मनावर ठसते ती अशी की, उत्तर देणाऱ्याला ग्रंथ किती येत होता हे त्याच्या उत्तरावरून जितके कळते, त्याहून कितीतरी अधिक प्रश्न विचारणाऱ्याला त्या घडीला काय हवे होते हे त्याच्या प्रश्नावरून कळते.

इंग्लंडच्या न्यायालयांत ही किंमत प्राणांची होती. धर्मगुरूवर राजाच्या न्यायालयाने खटला चालवू नये, त्याचा न्याय धर्मपीठाने करावा, या मध्ययुगीन सवलतीतून तेथे अशी एक वहिवाट रूढ झाली की, ज्या आरोपीला लॅटिन वाचता येईल त्याला धर्मगुरुवर्गातला समजावे आणि फाशीतून सोडवावे. कारण वाचन ही विद्या त्या काळी जवळजवळ त्या वर्गाचीच मिरास होती. वाचावयास दिले जाई ते बहुधा एकच वचन, एक्कावन्नाव्या स्तोत्राचा आरंभ, आणि मान वाचविणारे म्हणून लोकांत त्याला ‘मानेचे वचन’ हेच नाव पडले. यक्षाच्या प्रश्नांना धर्मराजाने नेमकी उत्तरे दिली म्हणून त्याचे भाऊ उठून बसले, ही आपल्याकडे महाभारतातली कथा. इंग्लंडात ते फौजदारी न्यायाचे नित्याचे कामकाज होते. ज्यांना अक्षरओळख नव्हती असे आरोपी ते वचन कोणाकडून तरी पाठ करून घेत आणि पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणत, आणि पुष्कळदा न्यायाधीश ते जाणूनबुजून चालवून घेत. कारण कायद्याने इतक्या गुन्ह्यांना देहान्ताची सजा नेमलेली होती की, त्या कठोरपणातून पळवाट असणे ही न्यायासनाचीही गरज होऊन बसली होती. एकाच माणसाने हा लाभ पुनःपुन्हा घेऊ नये म्हणून १४८९च्या कायद्याने सुटलेल्याच्या अंगठ्यावर डाग देण्याची तजवीज केली. बेन जॉन्सन या नाटककाराने १५९८ साली गेब्रिएल स्पेन्सर नावाच्या नटाला द्वंद्वात ठार केले आणि तो याच सवलतीने, अंगठ्यावर डाग घेऊन, जिवंत सुटला.

या वचनाच्या निवडीत जो विलक्षण योग आहे तो नजरेआड करता येत नाही. परंपरेप्रमाणे हे स्तोत्र दावीद राजाचे. बथशेबेचा अभिलाष धरून तिच्या पतीला, उरीयाला, रणांगणावर कपटाने मारविल्यानंतर नाथान संदेष्ट्याने त्याची निर्भर्त्सना केली, तेव्हाचे त्याचे पश्चात्तापाचे उद्गार. म्हणजे एका खुनी राजाची क्षमायाचना शेकडो वर्षे इंग्लंडातील खुन्यांना क्षमा मिळवून देत होती. परंतु त्यांच्यापैकी कोणालाही त्या कथेविषयी कधी काही विचारले गेले नाही, कारण न्यायालयाला ज्ञान तपासावयाचे नव्हते, सोडण्यासाठी सबब हवी होती. आणि ती सबब वाचनावाचूनही देता येईल असे ठरताच १७०६ साली वाचनाची अट काढून टाकण्यात आली, व १८२७ साली ती सवलतच संपुष्टात आली.

इंग्लंडात शास्त्राची परीक्षा गुन्हेगारापुरती होती. स्वीडनमध्ये ती सगळ्या रयतेला लागू झाली. राजा अकरावा कार्ल याच्या कारकीर्दीत, १६८६ साली झालेल्या धर्मविषयक कायद्याने असे फर्माविले की, मुले, गडी आणि मोलकरणी यांच्यासह प्रत्येकाने वाचावयास शिकावे आणि ईश्वराची आज्ञा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. या हुकमाची अंमलबजावणी धर्मोपदेशकाकडे सोपविलेली होती. परगण्यातील गावांचे गट पाडलेले असत. ठरल्या दिवशी एका गटातील सारी कुटुंबे कोणा एका शेतकऱ्याच्या घरी जमत, आणि तेथे मालकापासून सालगड्यापर्यंत एकेकाला पुढे बोलावून उपदेशक त्याचे वाचन ऐके, ल्यूथरने १५२९ साली लिहिलेली लघु प्रश्नोत्तरी त्याच्याकडून म्हणवून घेई आणि म्हटले त्याचा अर्थ काय हेही विचारी. घरोघर होणाऱ्या या चौकशीची नोंद ठेवण्यासाठी स्वतंत्र वह्या असत. त्यांत गाव, वाडी आणि घर यांच्या क्रमाने प्रत्येकाचे नाव लिहून पुढच्या रकान्यांत वाचन, पाठांतर आणि समज यांबद्दलच्या खुणा केलेल्या असत. ज्याला प्रश्नोत्तरी येत नाही त्याला पवित्र भोजनात वाटा नाही, आणि ज्याने तो वाटा घेतलेला नाही त्याचे लग्न लागावयाचे नाही, अशी कायद्याची साखळी होती; तेव्हा ओसरीवरच्या त्या प्रश्नांत तरुणांचे संसार अडकलेले असत.

या चौकशीचे फळ मोठे अपूर्व निघाले. शाळांचे जाळे नसताना, १८४२चा लोकशाळांचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी, स्वीडनमधील बहुतेक स्त्रीपुरुष वाचू लागले होते, आणि त्यांत स्त्रिया पुरुषांच्या मागे नव्हत्या, कारण मुलांची तयारी करून घेण्याचे काम बहुधा आयांकडेच असे. पण यांतल्या पुष्कळांना लिहिता येत नव्हते! लेखन कोणी विचारीत नव्हते, म्हणून लेखन कोणी शिकले नाही. वाचणारा प्रजाजन राज्याला आणि धर्मपीठाला हवा होता, कारण तो वरून आलेला शब्द ग्रहण करतो; लिहिणाऱ्या प्रजाजनाची निकड त्यांना भासली नव्हती. चौकशी आटोपली म्हणजे यजमानाच्या घरी मेजवानी झडे, आणि सकाळी ज्यांची बोबडी वळली होती ते संध्याकाळी पंक्तीला मोकळेपणाने बसत. आज त्या वह्यांचा उपयोग कोणाच्या श्रद्धेचे माप घेण्यासाठी होत नाही. कोण कोठे जन्मला, कोठून कोठे राहावयास गेला, अमेरिकेस कधी निघून गेला, याचे दाखले शोधण्यासाठी वंशावळीचे अभ्यासक त्या उलगडतात.

प्रश्नोत्तरी ही सिद्धान्ताची परीक्षा. कथेची रीतसर परीक्षा घेण्याचे श्रेय मात्र जर्मन शिक्षक योहान ह्युबनर याच्याकडे जाते. हांबुर्ग येथील योहानेउम या विख्यात शाळेचा तो प्रमुख होता, आणि १७१४ साली त्याने बायबलातील एकशे चार निवडक कथांचे पुस्तक प्रसिद्ध केले: बावन्न जुन्या करारातील, बावन्न नव्या करारातील, म्हणजे आठवड्याला एक धरली तर प्रत्येक करारास एक वर्ष. प्रत्येक कथेखाली आधी प्रश्न, मग त्या कथेतून घ्यावयाचे बोध आणि शेवटी भक्तिपर पद्ये, अशी त्याची रचना होती. प्रश्नांनी स्मृतीला, बोधांनी विचारशक्तीला आणि पद्यांनी इच्छाशक्तीला वळण लागावे, असा त्यामागे विचार होता. आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात धड्याखाली प्रश्न असतात, म्हणून त्यांत काही नवल आहे असे आपणांस वाटत नाही. पण कथा ही ऐकण्याची, रंगण्याची वस्तू असताना तिचे वाक्यावाक्याने तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला एक प्रश्न डकवावा, ही कल्पना तेव्हा ताजी होती आणि ती अफाट यशस्वी ठरली. त्या पुस्तकाच्या शंभरांहून अधिक आवृत्त्या निघाल्या, अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना नोहाचे तारू आणि योनाचा मासा प्रथम भेटला तो प्रश्नांच्या रांगेत उभा असलेला. ह्युबनरच्या प्रश्नांना चावटपणा ठाऊक नव्हता आणि दहशतही ठाऊक नव्हती. त्यांना हवी होती पद्धती.

पद्धतीच्या मागोमाग बक्षीस आले. इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहरी टाचण्यांच्या कारखान्यांत आठवड्याचे सहा दिवस राबणारी मुले रविवारी रस्त्यांतून हुंदडत फिरत, ते पाहून तेथील एका वृत्तपत्राचे मालक रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली त्यांच्यासाठी रविवारची शाळा काढली, आणि १७८३ साली आपल्या पत्रातून तिची हकीकत छापल्यावर तिचे अनुकरण देशभर व पुढे अटलांटिकपलीकडे झाले. मराठी ख्रिस्ती मंडळींत हिलाच शब्बाथ शाळा म्हणतात. मुलांनी यावे, टिकावे आणि वचने पाठ करावीत म्हणून रेक्स यांनी पुस्तके, कंगवे, पायातले जोडे अशी उपयोगाची बक्षिसे दिली. अमेरिकेत या प्रथेने तिकिटांचे रूप घेतले. त्या तिकिटांचा खरा निकाल मार्क ट्वेन या विनोदी लेखकाने १८७६ साली ‘टॉम सॉयर’ या कादंबरीत लावला. तेथे दोन वचनांना एक निळे तिकीट, दहा निळ्यांना एक तांबडे, दहा तांबड्यांना एक पिवळे आणि दहा पिवळ्यांना बायबलाची एक साधी प्रत असा भाव ठरलेला आहे. म्हणजे दोन हजार वचने पाठ करावीत तेव्हा चाळीस सेंटांचे पुस्तक पदरात पडावयाचे. टॉम वचने पाठ करीत नाही. तो आपल्याजवळच्या गोट्या-गळ देऊन इतर मुलांची तिकिटे विकत घेतो, दिमाखाने बक्षीस मागावयास उभा राहतो, आणि आलेले सन्मान्य पाहुणे जेव्हा येशूच्या पहिल्या दोन शिष्यांची नावे विचारतात तेव्हा ‘दावीद आणि गल्याथ’ असे सांगून मोकळा होतो. व्यापारी समाजाने शास्त्राच्या परीक्षेला नाणे जोडले, आणि त्या समाजाच्या पोराने नाण्याचे नियम परीक्षेपेक्षा लवकर आत्मसात केले.

आपल्या मुलखात बायबलातील कथा आल्या त्याही प्रश्नोत्तरांचा हात धरूनच. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राचोल येथून १६१६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त ओवीबद्ध मराठीत पहिले पुराण जुन्या कराराचे आणि दुसरे नव्या कराराचे, अशी मांडणी केली; आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली त्यांची कोकणी ‘दौत्रिना’, म्हणजे ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी, छापली गेली. ओव्या ऐकण्यासाठी होत्या, प्रश्नोत्तरी म्हणून दाखविण्यासाठी होती. पुढे १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, त्यांच्या मंडळाने मराठी शाळा काढल्या, मराठी नवा करार १८२६ साली मुंबईत छापून निघाला आणि १८४७ साली संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले. या शाळांत शिकावयास आणि शिकवावयासही जे लोक पुढे आले त्यांत कुलाबा जिल्ह्यातून मुंबईस आलेले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, लक्षणीय होते. मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी तर त्यांच्यासाठी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून सिद्ध केले. ज्या आब्राहाम-इसहाकांची नावे ही मंडळी परंपरेने उच्चारीत आली होती, त्यांच्या सविस्तर कथा त्यांना मराठी अक्षरांत मिळाल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी त्या कथा कीर्तनाच्या चौकटीत बसवून, टाळ-झांजांच्या साथीने, आपल्या समाजापुढे उभ्या केल्या. ख्रिस्ती धर्मप्रचारासाठी दिलेली विद्या आपल्याच पूर्वजधर्माच्या दृढीकरणासाठी वापरावी, हा त्या समाजाचा शहाणपणा म्हटला पाहिजे.

पण बेने इस्राएलांची पहिली परीक्षा याच्या फार पूर्वीची होती, आणि तीत पुस्तकाचा संबंध नव्हता. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगाव परिसरात, जहाज फुटून वाचलेल्यांची आपण संतती आहोत असे ते सांगत. तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ग्रंथ नव्हता, हिब्रू भाषा विस्मृतीत गेली होती. उरली होती ती ‘शेमा’ची प्रार्थना, सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे काही नेम. त्यांची परंपरा असे सांगते की, दाविद रहाबी नावाचा एक ज्यू त्यांच्या वस्तीत आला, हे खरोखर इस्राएलाचे वंशज आहेत काय याची त्याला खात्री करून घ्यावयाची होती, म्हणून त्याने तऱ्हेतऱ्हेचे मासे आणून तेथील स्त्रियांपुढे रांधण्यासाठी ठेवले. आणि त्या स्त्रियांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडून घेऊन बाकीचे, हे आम्ही खात नाही, असे म्हणून बाजूला सारले. लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांतील तो नियम त्यांनी कधी वाचलेला नव्हता. रहाबी कोणत्या शतकात आला याविषयी इतिहासकारांत एकवाक्यता नाही, तथापि हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात ही हकीकत आदराने नमूद केली आहे. रहाबीला हवे होते दुरावलेले आप्त, आणि म्हणून त्याने प्रश्न असा निवडला की ज्याचे उत्तर आप्तांनाच देता यावे.

इस्राएलचे राज्य स्थापन झाले आणि बेने इस्राएलांपैकी हजारो कुटुंबे मुंबई-कोकण सोडून तिकडे गेली. त्या राज्याच्या दशवार्षिक उत्सवात, १९५८ साली, जेरुसलेम येथे हिब्रू बायबलाच्या ज्ञानाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. पंतप्रधान बेन-गुरियन हे धर्माचाराच्या बाबतीत फारसे कर्मठ नव्हते, परंतु या ग्रंथाचे मोठे व्यासंगी होते. देशोदेशींहून आलेल्या आणि परस्परांची बोली न समजणाऱ्या लोकांना एका भूमीशी आणि एका भूतकाळाशी बांधण्यास त्यांना तोच ग्रंथ उपयोगी वाटला. स्पर्धा आकाशवाणीवरून ध्वनिक्षेपित झाली, रस्ते ओस पाडून लोकांनी ती ऐकली, आणि तीत विजयी झाला तो अमोस हखाम नावाचा, अंधांच्या एका संस्थेत कारकुनी करणारा, बोलताना अडखळणारा, वडिलांकडून घरीच शिकलेला गरीब गृहस्थ. एका रात्रीत तो राष्ट्राचा लाडका झाला, आणि पुढे बायबलावरील भाष्यकार म्हणून त्याने मान मिळविला. १९६३पासून तरुणांची स्पर्धा दरवर्षी स्वातंत्र्यदिनी होऊ लागली. कोणत्या राजाने कोठे छावणी दिली, कोणत्या नदीकाठी कोण कोणाला भेटला, असले तपशील जो सांगेल तो या भूमीचा खरा जाणकार, असा या परीक्षेचा आशय होता.

त्याच सुमारास, त्याच शहरात, बेने इस्राएलांपुढे एक वेगळीच प्रश्नपत्रिका ठेवली गेली. विवाहनोंदणी करणाऱ्यांना मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, मंडळाने १९६२ साली अशा सूचना दिल्या की, बेने इस्राएल वर वा वधू अन्य ज्यूंशी विवाह करू इच्छीत असेल तर तिच्या किंवा त्याच्या मातृकुळाची चौकशी जितक्या मागे नेता येईल तितक्या पिढ्या मागे न्यावी. शंका अशी होती की, ग्रंथापासून दुरावलेल्या या लोकांच्या पूर्वजांना घटस्फोटाचे शास्त्रोक्त नियम ठाऊक नसावेत, आणि म्हणून त्यांच्या पुढील विवाहांची वैधता संशयास्पद ठरते. रहाबीने जिवंत बायकांपुढे मासे ठेवले होते. येथे परीक्षेला बसविले होते ते कोकणच्या मातीत केव्हाच मिसळून गेलेले आजे-पणजे, आणि निकालाची झळ लागणार होती ती आजच्या तरुणांच्या लग्नांना. स्वीडनच्या शेतकऱ्याला निदान पाठांतर करून पुढच्या वर्षी उत्तीर्ण होता येत होते. मेलेल्या पूर्वजांची उजळणी कोणी करून घ्यावी? बेने इस्राएलांनी उत्तर शोधण्याचे नाकारले. त्यांनी प्रश्न विचारण्याच्या अधिकारालाच हरकत घेतली, १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले, प्रकरण संसदेपुढे नेले, आणि ऑगस्टमध्ये संसदेने हा समाज सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचा असल्याचे जाहीर केल्यावर रब्बींच्या मंडळाला सूचनांची भाषा बदलून त्यांतून बेने इस्राएलांचे नाव वगळावे लागले. शास्त्रपरीक्षांच्या या दीर्घ इतिहासात परीक्षार्थींनी परीक्षकालाच उत्तर देण्यास भाग पाडल्याचे असे उदाहरण विरळा, आणि ते घडविणारे लोक मराठी बोलणारे होते, याची नोंद आपल्या दफ्तरात असावयास हवी.